कोणते मेण? घरातील जुन्या वस्तूंची जयणापूर्वक जपणूक

वैशाखाच्या अखेरच्या आठवड्यात आम्ही सर्व भावंडे जव्हारला जमलो, ती घर आवरण्यासाठी. ज्या ओटीवर बापूजींनी, म्हणजे आमच्या आजोबांनी, धान्य-किराण्याचे दुकान मांडले, त्या घराचे पुढचे दार आता वर्षातून चार-दोन वेळाच उघडते. आमच्यापैकी कोणी वसईला, कोणी नाशिकला, तर धाकटा भाऊ पुण्याला असतो. घरात गुजराती, शाळेत मराठी आणि दुकानात गिऱ्हाइकाशी वारली-कोकणा बोली, अशा तीन भाषांत वाढलेली आमची पिढी पांगली आणि घर मुके झाले. दरवर्षी पावसापूर्वी कौले चाळून घेतली की आमचे कर्तव्य संपत असे. या वेळी मात्र प्रश्न कौलांचा नव्हता. कौलांखाली जे ठेवले होते, त्याचा होता.

माजघरात वस्तू मांडल्या तेव्हा त्यांची संख्या पाहून आम्हीच थबकलो. बापूजींचा सागवानी गल्ला, एक शिसवी पेटी, पितळी पारड्यांचा तराजू, ओतीव लोखंडाची वजने, चिपटे, मापटे, शेर, अधोली आणि पायली ही मापे, बांचा अडकित्ता, दोन समया आणि घरदेरासराची कोरीव लाकडी चौकट. धाकट्या भावाने जुन्या वस्तू घेणाऱ्या एका व्यापाऱ्याशी बोलणे केलेच होते. "नीट घासूनपुसून, पॉलिश मारून ठेवा, भाव चांगला येईल," असा त्याचा निरोप होता. त्यासाठी भावाने पॉलिशचा एक डबाही आणला होता. माझ्या पत्नीने सवयीने डब्यावरची बारीक अक्षरे वाचली आणि डबा काकूंच्या हाती दिला. त्यात मधमाश्यांचे मेण होते.

काकू एवढेच म्हणाल्या, "बांनी या घरात मेण कधी येऊ दिले नव्हते."

त्या एका वाक्यावर आमची आवराआवर दोन दिवस थांबली. त्या दोन दिवसांत आणि नंतरच्या वाचनात जे हाती लागले, ते येथे मांडीत आहे. जुने घर आणि त्यातल्या जुन्या वस्तू आपल्यापैकी पुष्कळांच्या वाट्याला आलेल्या आहेत.

उच्छिष्टातून जन्मलेले

संस्कृतात मेणाला ‘मधूच्छिष्ट’ म्हणतात, म्हणजे मध काढून घेतल्यावर उरलेले उष्टे. शब्दच त्या पदार्थाचा उगम सांगतो. कामकरी माशीच्या पोटाखाली ग्रंथींच्या चार जोड्या असतात. त्यांतून पाझरणाऱ्या मेणाचे पातळ पापुद्रे चावून, मऊ करून ती पोळ्याची षट्कोनी घरे बांधते. त्याच घरांत मध साठतो आणि त्याच घरांत तिची पिल्लेही वाढतात. एक किलो मेण घडवायला माश्यांना कित्येक किलो मध खर्ची घालावा लागतो.

मधाचा त्याग आपल्या दोन्ही परंपरांत आहे. श्वेतांबर परंपरेत तो महाविगईंत गणला आहे, तर दिगंबर परंपरेत श्रावकाच्या अष्टमूलगुणांत मद्य आणि मांसाबरोबर मधाचा त्याग सांगितला आहे. आचार्य अमृतचंद्रांनी ‘पुरुषार्थसिद्ध्युपाय’ ग्रंथात मधाच्या अल्पशा अंशातही हिंसा पाहिली आहे. पोळ्यातून आपोआप गळलेल्या मधाचाही त्यांनी अपवाद केलेला नाही. व्यापारी कुटुंबांसाठी तर आणखी एक मर्यादा आहे. श्रावकाने वर्ज्य करावयाच्या पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्य, म्हणजे लाखेचा व्यापार, आणि रसवाणिज्य, म्हणजे मध-मद्यादी रसांचा व्यापार, यांचा समावेश होतो. बांचा हिशेब याहूनही सरळ होता: मध ज्या पोळ्यातून येतो, मेणही त्याच पोळ्यातून येते.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. रानात धूर करून आग्या माशीचे पोळे उतरविणे आणि पिळणे वेगळे, आणि पेटीतल्या सातेरी माशीचे पोळे न मोडता यंत्राने मध काढणे वेगळे. दुसऱ्या पद्धतीत जीवहानी पुष्कळ कमी होते. शिवाय मेणावाचून आपल्या कलेचा इतिहासही पूर्ण होत नाही. बडोद्याजवळ अकोटा येथे सापडलेल्या प्राचीन जिनप्रतिमा ओतीव धातूच्या आहेत. अशी प्रतिमा आधी मेणात घडवीत, तिच्यावर मातीचा लेप देत, तापवून मेण वितळवून काढीत आणि त्या पोकळीत धातूचा रस ओतीत. या रीतीला मधूच्छिष्टविधानच म्हणतात. मेण जाते आणि मूर्ती राहते. तेव्हा ‘मेण’ या शब्दावर रागावण्यात अर्थ नाही. आज पर्याय उपलब्ध असताना आपण काय निवडतो, एवढाच प्रश्न आपल्यापुढे आहे.

जव्हारचा पाऊस आणि सागवानी गल्ला

मुळात मेण लावायचेच कशासाठी? केवळ चकाकीसाठी असेल तर त्याची गरज नाही. पण ज्याने जव्हार-मोखाड्याचा पावसाळा पाहिला आहे, तो असा प्रश्न विचारणार नाही.

जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे. मुकणे घराण्याचे हे संस्थान १९४८ साली विलीन झाले. हा मुलूख पुढे ठाणे जिल्ह्यात होता आणि १ ऑगस्ट २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे. राजवट बदलली, जिल्हा बदलला, पण पाऊस तोच राहिला. मृगापासून हस्तापर्यंत डोंगरमाथ्यावर ढग उतरलेले असतात, दिवसचे दिवस ऊन दिसत नाही, कपडे चुलीवर वाळवावे लागतात. मोखाड्याकडे, खोडाळा-सूर्यमाळच्या अंगाला, धुके घरात शिरते. मग लाकूड हवेतले पाणी पिऊन फुगते आणि पौष-माघात सुकून आकसते. गल्ल्याचा खण आषाढात अडतो आणि मार्गशीर्षात सैल होतो, हे आम्ही लहानपणापासून पाहत आलो. दरवर्षीच्या या फुगण्या-आकसण्यानेच सांधे उकलतात आणि फळीला चिरा जातात. लोखंडावर गंज चढतो, पितळ काळवंडते आणि पेटीच्या तळाशी पांढरी-हिरवी बुरशी धरते.

इरियावहीच्या सूत्रात ज्या जीवांची विराधना आपण आठवतो, त्यांत ‘पणग’ हा शब्द आहे. तो या बुरशीचाच, लीलफुगीचा आहे. एकदा ती धरली की पुसली तरी विराधना, न पुसली तरी वाढ. लाकडात भुंगा शिरला किंवा वाळवी लागली तरी हाच पेच. बा म्हणत, "जीव पडल्यावर हात थरथरण्यापेक्षा जीव पडूच नये असे घर ठेवावे." जयणेचा अर्थ मला त्या वाक्यातून जितका कळला, तितका व्याख्यानांतून कळला नाही. वस्तूंची निगा हा आपल्याकडे केवळ सौंदर्याचा विषय नाही. पावसाळ्यापूर्वी कोरड्या, स्वच्छ आणि संरक्षित केलेल्या वस्तूत चातुर्मासात जीवोत्पत्ती कमी होते. हीच त्या श्रमांची खरी कमाई.

मेणाचे काम येथे येते. मेणाचा पातळ थर पाण्याची वाफ पूर्णपणे अडवीत नाही, पण तिची ये-जा मंदावतो, आणि फुगणे-आकसणे सौम्य होते. लाकूड पोखरणारा भुंगा अंडी घालण्यासाठी उघडी, खडबडीत छिद्रे आणि फटी शोधतो. वस्तूच्या पाठीला आणि तळाला, जेथे सुताराने कधी पॉलिश लावलेले नसते, तेथे मेण बसले की ती जागा काही अंशी बुजते. धातूवर तो थर दमट हवा आणि हाताचा घाम यांना आड येतो. शिवाय झीज होते ती मेणाची, वस्तूची होत नाही. आणि जुना थर केव्हाही काढून नवा देता येतो.

मेणांची ओळख

मधमाश्यांचे मेण साधारण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते. ते मऊ आणि सुगंधी असते, म्हणून बाजारातील बहुतेक फर्निचर पॉलिशांत ते वापरलेले असते. ‘नैसर्गिक’ असे ठळक छापलेल्या डब्यात तर ते हमखास सापडते.

कार्नोबा हे ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचे मेण आहे. पाने वाळवून झटकली की ते भुकटीच्या रूपाने गळते. वितळणबिंदू ८२ ते ८६ अंश. ते इतके कठीण असते की नुसते लावता येत नाही. दुसऱ्या मऊ मेणात थोडे मिसळावे लागते. कँडेलिला हे मेक्सिकोतील एका रानटी झुडपाचे मेण. ही दोन्ही मेणे वनस्पतिजन्य होत.

पॅराफिन म्हणजे आपल्या मेणबत्तीचे मेण. ते खनिज तेलापासून निघते. स्वस्त आणि निर्जीव, पण एकटे वापरले तर मऊ पडते. त्याच कुळातील, अधिक बारीक स्फटिकांचे आणि चिवट असे ‘मायक्रोक्रिस्टलाइन’ मेण आज जगभरच्या संग्रहालयांत वापरले जाते. विसाव्या शतकाच्या मध्यास लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत या मेणावर काम झाले आणि त्यातूनच ‘रेनेसान्स वॅक्स’ हे मिश्रण पुढे आले. त्यामागचे कारण आपल्याला रुचण्याजोगे आहे. मधमाश्यांच्या मेणात आणि कार्नोबात मुळातच काही आम्ले असतात. काळ गेला की ती धातूला हळूहळू त्रास देऊ शकतात. खनिज मेणात ती नसतात. बांनी व्रतापोटी जे नाकारले, ते संग्रहालयवाल्यांनी रसायनशास्त्रापोटी मागे सारले. दोन वेगळ्या वाटांनी माणसे एकाच उंबरठ्याशी आली.

जाता जाता एक उपयोगी गोष्ट. ही मेणे खाद्यपदार्थांवरही असतात. फळांवरच्या चकाकीत किंवा गोळ्या-चॉकलेटांच्या वेष्टनावर ९०१ हा क्रमांक दिसला तर ते मधमाश्यांचे मेण, ९०२ म्हणजे कँडेलिला, ९०३ म्हणजे कार्नोबा आणि ९०४ म्हणजे शेलॅक, अर्थात लाख. हे चार आकडे स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून ठेवण्यासारखे आहेत.

गल्ल्यावरचा पांढरा डाग

आता आमच्या हातून झालेली चूक सांगतो. २०२० साली, साथीच्या दिवसांत, घर उघडायला गेलेल्या मी स्वतः गल्ल्यावर भरपूर सॅनिटायझर फवारला आणि फडक्याने खसाखसा पुसला. फडके तांबूस झाले. मळ निघाला म्हणून मी समाधान पावलो. दुसऱ्या दिवशी पाहिले तो झाकणावर चिकट, पांढुरका पट्टा उमटला होता.

आपल्या घरांतील जुन्या लाकूडकामावर बहुधा फ्रेंच पॉलिश असते. ते चपड्याचे, म्हणजे लाखेचे, आणि स्पिरिटमध्ये विरघळवून लावलेले असते. सॅनिटायझरमधील अल्कोहोलने तेच पुन्हा विरघळते. शंभर वर्षे टिकलेला थर मी एका सकाळी पुसून टाकला. लाखही जीवापासूनच मिळते, त्यामुळे आज नवे काम करताना ते टाळावे, हे खरे. पण पूर्वजांनी लावलेला थर खरवडून काढल्याने तो दोष परत जात नाही, उलट वस्तू उघडी पडते. असलेले राहू द्यावे, त्यावर निर्दोष मेण द्यावे, आणि स्पिरिट, सॅनिटायझर किंवा अत्तर त्याच्या जवळपास येऊ देऊ नये.

दुसरी चूक घरोघरी होते, ती खोबरेल किंवा तिळाच्या तेलाची. ही तेले वाळत नाहीत. पहिल्या दिवशी लाकूड तजेलदार दिसते, महिन्याभरात त्यावर धूळ बसून ते मेणचट होते आणि तेथेच किडे-मुंग्या जमतात. जवसाचे तेल वाळते, पण त्याने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती मोकळी पसरून वाळवावीत. फवारणीचे सिलिकॉनयुक्त पॉलिशही जुन्या लाकडाला नको. ते छिद्रांत कायमचे मुरते आणि पुढची कोणतीही दुरुस्ती धरू देत नाही.

कृती

दिवस निवडावा तो फाल्गुन ते ज्येष्ठाचा आरंभ यांमधला, कोरड्या हवेचा. पावसाळ्यात मेण मुळीच लावू नये. लाकडात शिरलेली ओल आतच अडकते आणि पृष्ठभाग धुरकट होतो.

प्रथम मऊ कुंचल्याने कोरीव कामातली धूळ हलकेच झाडावी. कोठे जीव दिसला तर त्याला वाट करून द्यावी, घाई करू नये. मग जुन्या सुती धोतराच्या फडक्याने कोरडेच पुसावे. तयार मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा डबा मिळत असेल तर तोच उत्तम. घटकांची यादी वाचल्याशिवाय मात्र घेऊ नये. घरी करावयाचे असल्यास २० ग्रॅम कार्नोबा आणि ६० ग्रॅम पॅराफिन एका भांड्यात घेऊन ते भांडे उकळत्या पाण्यात ठेवावे, थेट आचेवर ठेवू नये. वितळल्यावर आच पूर्णपणे विझवून भांडे अंगणात न्यावे, कडेला मेण धरू लागले की २०० मिलिलिटर टर्पेंटाईन सावकाश घालून ढवळावे. टर्पेंटाईन झटकन पेटते. चूल, दिवा, उदबत्ती यांपैकी काहीही जवळ असता कामा नये आणि मुलांना दूर ठेवावे. थंड झाल्यावर लोण्यासारखे मिश्रण तयार होते. घट्ट झाकणाच्या डब्यात ते दीर्घकाळ टिकते.

वस्तूच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर आधी थोडे लावून पाहावे. रंग बदलला नाही तर पुढे जावे. बोटभर मेण फडक्यावर घ्यावे आणि इतके पातळ लावावे की लावले आहे असे वाटूही नये. पंधरा-वीस मिनिटे थांबून स्वच्छ मलमलीने लाकडाच्या रेषेच्या दिशेने घासावे. बोट टेकवले असता ठसा उमटला तर मेण जास्त झाले असे समजावे. जास्त मेणाने चकाकी वाढत नाही, धूळ वाढते. वर्षातून एकदा एवढे पुरे. अडणाऱ्या खणाच्या पट्ट्यांवर साधी मेणबत्ती घासली तरी खण सुरळीत सरकतो.

लोखंडी वजने आणि अडकित्ता यांचा सैल गंज कोरड्या कुंचल्याने काढून, उन्हात चांगले तापवून मेण द्यावे. तापलेल्या लोखंडावर ते खोलवर बसते. पितळाला चिंच किंवा लिंबू-मीठ लावून चमकवण्याचा मोह आवरावा. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. आम्लाने वरचे जस्त निघून जाते आणि तांब्याचा गुलाबी डाग उरतो. पारड्यावर व्यापाऱ्याची किंवा सरकारी तपासणीची मोहोर असेल तर दर घासणीला ती थोडी पुसट होते.

कशाला मेण लावू नये

ज्या भांड्यात अन्न शिजते वा वाढले जाते, त्याला मेण नको, तेथे कल्हईच हवी. प्रक्षालाच्या कलशाला आणि वाट्यांनाही नको. प्रतिमेच्या बाबतीत तर घरच्या घरी कोणताही प्रयोग करू नये. उलट, वाळाकुंचीचा हात जितका हलका तितके बरे. पिढ्यान् पिढ्यांच्या जोरकस घासण्याने धातूच्या लहान प्रतिमांचे नाक-डोळे झिजलेले आपण सर्वांनी पाहिले आहेत.

हस्तलिखिते, वह्या, कापड आणि फोटो यांना मेणाने तेलकट डाग पडतात. वारली चित्राला तर ते कदापि लावू नये. गेरू वा शेणाच्या सारवणावर तांदळाच्या पिठाने काढलेली ती रेषा कोरडी आणि निस्तेज असण्यातच तिचे रूप आहे. मोखाड्याच्या बोहाड्यातील मुखवटे, जव्हारजवळच्या रामखिंडीत आजही तयार होणारे कागदाच्या लगद्याचे मुखवटे, यांपैकी एखादा घरी असेल तर त्यालाही मेण न लावता कोरड्या जागी उभा ठेवावा. रंगाचे पोपडे निघत असतील तर हातच लावू नये.

याच मुलखात मेण जेथे अपरिहार्य आहे ती वस्तू म्हणजे तारपा. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा कर्णा यांचे सांधे मेणाने बुजवितात. तो सांधा हवाबंद नसेल तर सूर उमटत नाही. वाळवंड्याचे भिकल्या धिंडा यांच्यासारख्या वादकांनी ही विद्या जपली आहे. आमच्या बांनी घरात मेण येऊ दिले नाही, पण ओटीसमोर तारपा वाजला की त्या दारात येऊन उभ्या राहत. आपले व्रत आपल्यासाठी असते, दुसऱ्याच्या वाद्याला दोष देण्यासाठी नसते.

विकण्यापूर्वी

कायद्याची एक बाजूही व्यापारी कुटुंबांनी जाणून घ्यावी. १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, चित्र, कलाकुसरीची वा ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू ‘पुरावशेष’ ठरू शकते. शास्त्रीय, ऐतिहासिक वा वाङ्मयीन मोलाच्या हस्तलिखितांसाठी ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. अशा वस्तूंचा व्यापार करणाऱ्याजवळ परवाना असावा लागतो, काही प्रकारांची नोंदणी आवश्यक असते, आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर पाठविता येत नाहीत. दारावर येऊन रोख पैसे मोजणाऱ्याला घरदेरासरातील वस्तू देण्यापूर्वी एवढे तरी विचारावे.

आमच्या व्यापाऱ्याला मी परवान्याविषयी विचारले. त्यानंतर त्याचा फोन आला नाही.

खणातील वही

कार्नोबा मागवून, मिश्रण करून आम्ही कामाला लागलो. गल्ल्याचा अडलेला खण मी पूर्ण बाहेर काढला, तेव्हा त्याच्या मागच्या पोकळीत दुमडून बसलेली एक लाल कापडी वही सापडली. वाळवीने कडा खाल्ल्या होत्या, पण बापूजींचे अक्षर शाबूत होते. आषाढातल्या एका नोंदीशी काकूंचे बोट थांबले. मोखाड्याकडच्या एका पाड्याचे नाव, त्या बाईचे नाव आणि पुढे: मेण घेतले नाही, नागली दीड पायली, उधार. शेजारी वेगळ्या शाईत एकच शब्द होता: माफ.

काकूंना ती हकिकत बांकडून ठाऊक होती. आषाढ म्हणजे या मुलखात कणगी रिकामी होण्याचे दिवस. ती बाई भर पावसात डोंगर उतरून मेणाचा गोळा घेऊन आली होती, धान्याच्या बदल्यात द्यायला. बापूजी मेण, मध आणि लाख घेत नसत. ‘आम्ही घेत नाही’ असे सांगून त्यांनी तिला परत पाठविले असते तर त्यांचे व्रत अखंड राहिले असते आणि तिची मुले उपाशी राहिली असती. त्यांनी मेण नाकारले आणि नागली मोजून दिली. दिवाळीला वही बदलताना ते देणे पुढच्या वहीत नेले नाही.

मी हे बापूजींच्या गौरवासाठी लिहीत नाही. या डोंगरांत व्यापाऱ्या-सावकाराच्या वहीने कित्येकांच्या जमिनी आणि आयुष्ये गिळली, हा इतिहास आपल्याला टाळता येणार नाही. त्याच वहीत इतर अनेक नोंदी अशाही असतील की ज्यांपुढे ‘माफ’ लिहिलेले नाही. पण एवढे मात्र त्या दिवशी उमगले की व्रताची किंमत व्रत घेणाऱ्यानेच मोजायची असते. ती समोरच्या गरिबाकडून वसूल केली तर तो व्यापारच झाला.

वही आम्ही तशीच, मेण न लावता, धुतलेल्या कोऱ्या मलमलीत गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवली. गल्ल्यावरचा पांढरा पट्टा पातळ मेणाने थोडा निवळला, पूर्ण गेला नाही. तो राहू दिला आहे. माझ्या घाईची नोंदही त्या गल्ल्यावर असायला हवी. झाकणाच्या पुढच्या कडेला बापूजींचे मनगट टेकून टेकून जो खळगा पडला आहे, तेथे मेण सर्वांत चांगले बसले. पॉलिशवाल्याकडे दिले असते तर त्याने तो खळगा आधी घासून सपाट केला असता.

धाकटा भाऊ गल्ला पुण्याला घेऊन गेला. ज्याने विकायचे म्हटले होते, त्यानेच मागून घेतला. मापांचा संच गावातल्या शाळेला दिला. १९५६ च्या कायद्यानंतर किलो-लिटर आले, त्यापूर्वी त्यांच्या पणजोबांनी नागली आणि वरई कशी मोजून नेली, हे मुलांना हाताने भरून पाहता यावे म्हणून. घरदेरासराची चौकट काकूंकडे आहे. प्रत्येक वस्तूबरोबर एक चिठ्ठी दिली आहे: ही कोणाची, कशाची, आणि तिला काय लावावे, काय लावू नये.

आपल्याही घरी असा एखादा गल्ला, तराजू किंवा पेटी माळ्यावर असेल. पाऊस येण्यापूर्वी ती एकदा खाली उतरवावी, कोरडी पुसावी आणि घरातल्या सर्वांत वडील माणसाला तिच्याविषयी विचारावे. मेण त्यानंतर लावले तरी चालेल.

या लेखात जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिले गेले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.